अनामत म्हणजे अमानत

22 जुलै 2021 रोजी सावित्रीचे पाणी महाड शहरात शिरले, तेव्हा आमच्या घराच्या खालच्या दोन खोल्यांत एमआयडीसीत काम करणारे तिघे राहत होते. पाणी ओसरल्यावर त्यांनी आमच्याबरोबर दोन दिवस चिखल उपसला, उरलेसुरले कपडे एका पिशवीत भरले आणि ते गावी गेले. दहाएक दिवसांनी त्यांच्यातल्या एकाचा अब्बांना फोन आला : चाचा, आता परत येणं होणार नाही, डिपॉझिट पाठवून द्या.

बारा हजार रुपये होते. करार लिहिलेला नव्हता. अब्बांनी मला पुण्याला फोन करून विचारले. मी क्षणाचाही विचार न करता सांगितले, "नोटीस न देता गेले ना? मग एक महिन्याचं भाडं कापा, आणि भिंतींच्या रंगाचे वेगळे कापा."

हे उत्तर माझ्या तोंडी तयार होते, कारण काही वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका घरमालकाने माझ्याशी नेमके हेच केले होते. तेव्हा मी चिडलो होतो, मित्रांना सांगत सुटलो होतो. आता बाजू बदलल्यावर त्याचीच भाषा माझ्या तोंडात आली होती.

अब्बा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "अरे, चिखल त्यांनी पण काढलाय." आणि त्यांनी पूर्ण बारा हजार पाठवून दिले.

मी कायदा उघडून बसलो तो खरे तर अब्बांना चूक ठरवायला. निघालो मीच चूक. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 याच्या कलम 108 प्रमाणे भाडेकरूने जागा घेतली तशी परत करायची असते. पण वापराने होणारी नेहमीची झीज आणि माणसाच्या आवाक्याबाहेरच्या शक्तीने झालेले नुकसान त्यातून वगळलेले आहे. महापूर आवाक्याबाहेरचा नसेल तर दुसरे काय असेल? त्याच कलमात असेही आहे की, आग, वादळ किंवा पुराने जागा कायमची निकामी झाली तर भाडेपट्टा पुढे चालवायचा की संपवायचा हे भाडेकरू ठरवू शकतो. रंगाचे पैसे कापायचा हक्क आम्हाला नव्हताच.

ही घरची गोष्ट सांगण्याचे कारण असे की, महाड-पोलादपुरात आपल्या समाजातली बरीच कुटुंबे आज दोन्ही बाजूंना उभी आहेत. भाऊ कुवेतला किंवा दुबईला आहे, घर रिकामे आहे, चावी मावशीकडे आहे आणि खालच्या खोल्या भाड्याने दिलेल्या आहेत. त्याच घरातला मुलगा पुण्यात, पनवेलला किंवा मुंबऱ्यात कुणाच्या तरी खोलीत भाड्याने राहतो. इथे आपण घरमालक, तिथे भाडेकरू. म्हणून हा प्रश्न 'आपला' आणि 'त्यांचा' असा वाटून घेता येत नाही.

आपल्याकडे खोलीचा व्यवहार बहुतेक तोंडी होतो. कुणाच्या तरी ओळखीने माणूस येतो, दोन-तीन महिन्यांचे डिपॉझिट देतो, चावी घेतो. फारच झाले तर स्टॅम्पपेपरवर चार ओळी आणि नोटरीचा शिक्का. मग एक दिवस मालकाला खोली हवी असते, किंवा भाडेकरूची नोकरी सुटते, आणि तेव्हा पहिल्यांदा प्रश्न पडतो : नोटीस किती दिवसांची? पैसे किती परत मिळणार? तोपर्यंत दोघांच्या आठवणी वेगवेगळ्या झालेल्या असतात. ज्याच्या हातात डिपॉझिट, त्याची आठवण खरी ठरते.

कायदा काय म्हणतो ते आधी साध्या शब्दांत पाहू.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 हा 31 मार्च 2000 पासून अमलात आहे. त्याच्या कलम 55 नुसार भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा आणि नोंदणीकृत हवा. तो नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. 'अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही' हा समज आपल्या राज्यात चुकीचा आहे. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. पोलीस ठाण्यात दिलेली भाडेकरूची माहिती म्हणजेही करार नव्हे. नोंदणी केली नाही तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, वाद झाला तर अटी काय होत्या याबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. ते खोटे आहे हे मालकाला सिद्ध करावे लागते. म्हणजे नोंदणी टाळून मालक स्वतःचेच नुकसान करून घेतो.

नोटिशीचे उत्तर व्यवहार कोणता आहे यावर अवलंबून आहे. नोंदवलेला लिव्ह अँड लायसन्स करार असेल तर त्यात लिहिलेली मुदत लागू. बहुधा दोन्ही बाजूंना एक महिना. पण कराराची तारीख संपली की खोली रिकामी करावीच लागते. नाही केली तर कलम 24 प्रमाणे मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो आणि ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने भरपाई मागू शकतो. म्हणून भाडेकरूने ती शेवटची तारीख मोबाइलमध्ये टाकून ठेवावी.

तोंडी, महिन्याच्या भाड्याची खोली असेल आणि दुसरे काही ठरलेले नसेल तर 1882 च्या कायद्याच्या कलम 106 प्रमाणे कोणत्याही बाजूने पंधरा दिवसांची लेखी नोटीस लागते. पण भाडे नियंत्रण कायद्याखालच्या भाडेकरूला नुसत्या नोटिशीवर बाहेर काढता येत नाही. कायद्यात दिलेले कारण लागते आणि कोर्टाचा हुकूम लागतो. भाडे थकले असेल तर मालकाला लेखी मागणी करून नव्वद दिवस थांबावे लागते, त्यानंतरच दावा. दाव्याचे समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत भाडेकरूने थकबाकी वर्षाला 15 टक्के सरळ व्याजाने कोर्टात भरली, पुढचे भाडे आणि दाव्याचा खर्चही दिला, तर थकबाकीच्या कारणावरून खोली काढून घेतली जात नाही. हा कायदा त्याच्या परिशिष्टांत नमूद केलेल्या क्षेत्रांना लागू होतो. आपली खोली नगरपरिषदेच्या हद्दीत आहे, नगरपंचायतीच्या की ग्रामपंचायतीच्या, हे वकिलाला पहिल्याच भेटीत सांगावे.

आता जे प्रत्यक्षात घडते त्याविषयी. वाद झाला की पहिले पाऊल म्हणून मालक पाण्याचा कॉक बंद करतो, मीटरचा फ्यूज काढतो किंवा भाडेकरू ड्यूटीवर असताना दाराला आपले कुलूप लावतो. पुरेशा कारणाशिवाय पाणी-वीज तोडणे हा कलम 29 खाली गुन्हा आहे. कोर्टाच्या हुकमाशिवाय ज्याचा ताबा हिसकावला, त्याला विशिष्ट अनुतोष अधिनियम, 1963 याच्या कलम 6 खाली सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागता येतो. तिथे मालकी कुणाची हा प्रश्न विचारलाच जात नाही. दुसऱ्या बाजूने, शेवटचे दोन महिने भाडे न देता 'डिपॉझिटमधून कापा' म्हणणे आणि विजेचे बिल थकवून रात्रीतून निघून जाणे, हेही आपण पाहिलेले आहे. तोही कुणाचा तरी हक्क मारणेच आहे.

पावतीचेही तसेच. भाडे घेताना लेखी पावती देणे हे कलम 31 प्रमाणे मालकावर बंधनकारक आहे. न दिल्यास दिवसाला शंभर रुपयांपर्यंत दंड आहे. पावती मिळत नसेल तर भाडे रोख देऊ नका. यूपीआयने द्या आणि शेऱ्यात महिना लिहा. मी धंद्याने सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे एक शिस्त असते की नोंद नसेल तर ती गोष्ट झालीच नाही असे धरून चालायचे. खोलीच्या व्यवहारालाही ती लावून पाहावी.

लिहून घ्यायचे म्हटले की आपल्याकडे माणसे दुखावतात. "आमच्यावर विश्वास नाही का?" असे विचारतात. ज्या समाजाच्या ग्रंथातली सर्वांत लांब आयत, सूरह बकराची 282 वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आणि साक्षीदारांविषयी आहे, त्या समाजाला लेखी करार म्हणजे अविश्वास वाटावा हे नवल आहे. लिहिणे हे दोघांनाही विसरण्यापासून वाचवते. आणि मराठीत डिपॉझिटला शब्द आहे 'अनामत'. तो आला आहे अरबी 'अमानत'वरून. अमानत म्हणजे दुसऱ्याची वस्तू, सांभाळायला दिलेली. ती मालकाची कमाई नव्हे, रंगकामाचा फंडही नव्हे. केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडेकरार कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याइतक्या अनामतीची मर्यादा सुचवलेली आहे. आपल्या राज्याच्या कायद्यात तशी मर्यादा नाही, म्हणून तर नियत अधिक साफ लागते.

मग करायचे काय? खोली देताना-घेताना पाच गोष्टी लिहा. पहिली, भाडे किती, कोणत्या तारखेला, आणि वीज-पाणी त्यात धरले आहे की वेगळे. दुसरी, नोटीस किती दिवसांची. दोन्ही बाजूंना सारखी. तिसरी, अनामत किती, खोली सोडल्यावर किती दिवसांत परत, आणि कोणत्या कारणासाठी कापता येईल. चौथी, पहिल्या दिवशीचे मीटरचे आकडे आणि भिंती, नळ, दारे यांचे फोटो, दोघांच्या मोबाइलमध्ये. पाचवी खास आपल्या तालुक्यांसाठी : पुराने किंवा दरडीने खोली राहण्याजोगी उरली नाही, तर त्या दिवसापासून भाडे थांबेल आणि नोटिशीची अट लागू होणार नाही. कायदा कायमच्या निकामी झालेल्या जागेबद्दल बोलतो. पंधरा दिवस चिखलात राहिलेल्या खोलीचे काय, हे आपल्यालाच आधी ठरवावे लागेल. 2021 च्या त्या पावसात तळियेत आणि पोलादपूरच्या साखर-सुतारवाडी, केवनाळेत दरडी कोसळल्या. त्यानंतर तरी ही अट कुणाला अपशकुनी वाटू नये.

खर्चाची भीती नको. चार हजार भाडे आणि पंधरा हजार अनामत असलेल्या अकरा महिन्यांच्या करारावर पाव टक्का दराने मुद्रांक शुल्क शे-दोनशेच्या आसपास येते. नोंदणी फी धरून सगळे मिळून दीड हजारांत बसते, आणि नोंदणी ऑनलाइन होते. मोहल्ला कमिट्यांनी आणि आपल्या कार्यकर्त्यांनी यासाठी आठवड्यातून एक संध्याकाळ दिली, एक लॅपटॉप मांडला, तरी वर्षभरात कितीतरी भांडणे सुरू होण्याआधीच मिटतील. आणि जिथे वाद कोर्टात जाईलच, तिथे हे लक्षात ठेवा : विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 याच्या कलम 12 प्रमाणे स्त्रिया, औद्योगिक कामगार आणि पूरग्रस्त यांना मोफत वकील मिळतो. एमआयडीसीतला कामगार यात येतो. 15100 हा त्यासाठीचा क्रमांक आहे.

शेवटी एक कडू गोष्ट. फोनवर नाव सांगितल्यावर "खोली आत्ताच गेली" हे उत्तर आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेले आहे. मी पुण्यात पाच वेळा ऐकले, नंतर मोजणे सोडून दिले. या अपमानाबद्दल आपण लिहितो, बोलतो. ते योग्यच आहे. पण बिहार-झारखंडहून आलेल्या पोराला खोली देताना आपण काय बोलतो? आडनाव विचारून, जात काढून, "घरात विचारून सांगतो" असे म्हणत कुणाला परत पाठवतो का? नोटीस न देता कुणाची बॅग बाहेर ठेवतो का? हे प्रश्न आपले आपल्याला विचारल्याशिवाय तिकडच्या घरमालकाला विचारता येणार नाहीत.

आपण महाडचे आहोत. मुंबई कायदे कौन्सिलने 1923 साली सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला, पुढच्या वर्षी इथल्या नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केले. पण 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकर हजारो माणसांना घेऊन तळ्यावर जाईपर्यंत तो हक्क कागदावरच पडून होता. भाड्याचा कायदाही असाच कागदावर पडून आहे. वापरायला कुणीतरी जावे लागेल. आणि त्याच वर्षी डिसेंबरच्या परिषदेला गावात कुणी जागा देईना, तेव्हा आपली जमीन पुढे केली ती फत्तेखान यांनी. जागा देण्याची ही रीत आपल्या गावाची आहे. खोलीची चावी हातात देताना ती आठवावी, आणि अनामत परत करतानाही.