उथळ पाण्याचा खळखळाट

समुद्राकाठी राहणाऱ्या प्रत्येकाला पोहता येतं, असा देशावरच्या मंडळींचा एक प्रेमळ समज आहे. आमचे सोलापूरचे साडू दर उन्हाळ्यात हेच ऐकवतात : "तुमची काय बुवा मजा आहे! जिना उतरला की समुद्र!" जिना उतरला की न्हावा शेव्याला आधी लागतो तो ट्रेलर. त्याच्यामागे दुसरा ट्रेलर. त्याच्यामागे तिसरा, आणि त्याच्या चाकांखाली दगड लावून ड्रायव्हर जेवायला गेलेला. समुद्र या सगळ्याच्या पलीकडे कुठेतरी आहे. मधे भिंत, भिंतीला फाटक, फाटकावर पास मागणारा जवान. १९८९च्या २६ मेला इथलं बंदर सुरू झालं. तेव्हापासून सिंगापूरच्या पंख्याला आणि जर्मनीच्या यंत्राला आमच्या समुद्रावर मुक्त प्रवेश आहे. आमच्या पोरांना नाही.

अशा या गावी, आमच्या वसाहतीच्या बागेतला जो कोपरा आजवर गाजरगवतासाठी मनोभावे राखून ठेवला आहे, तिथे पोहण्याचा सार्वजनिक तलाव बांधावा अशी कुणीतरी सूचना केली. सूचना साधी होती. पंचवीस मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद. सकाळी मुलं, दुपारी बायका, संध्याकाळी कुणीही. तिकीट खिशाला परवडेल इतपत. झालं! ज्या सभेला एरवी गणपूर्तीसाठी वॉचमनलासुद्धा खुर्ची द्यावी लागते, त्या सभेला लोक जिन्यात उभे राहिले. मराठी माणसाची एकजूट पाहायची असेल तर त्याच्यापुढे एखादी चांगली सूचना मांडावी. विरोध करायला तो एका पायात चप्पल घालून धावत येतो.

पहिला मुद्दा अर्थातच पाण्याचा. "प्यायला पाणी नाही आणि पोहायला कुठून आणणार?" हे वाक्य ज्या गृहस्थांनी टाळ्यांच्या गजरात उच्चारलं, ते रोज सकाळी नळीने आपली मोटार, मोटारीखालची फरशी आणि फरशीपलीकडचा सरकारी रस्ता धुतात. मला हिशेबाचा नाद आहे, म्हणून सभेतच कागद घेतला. असा तलाव सरासरी दीड मीटरला थोडा कमी खोल धरला तर त्यात चार लाख सदतीस हजार लिटर पाणी मावतं. आकडा ऐकून पहिल्या रांगेतल्या वहिनींनी पदर तोंडाला लावला. पण माणशी रोज १३५ लिटर या शहरी मापाने दोन हजार वस्तीला दिवसाला दोन लाख सत्तर हजार लिटर लागतं. म्हणजे अख्खा तलाव आपल्या दोन दिवसांच्या पाण्याएवढाही नाही. शिवाय ते पाणी रोज बदलत नाहीत. वाळूच्या गाळणीतून फिरवून, क्लोरीन घालून तेच वापरतात. उन्हाने उडतं ते दिवसाला हजार-दीड हजार लिटर भरून काढायचं. एवढं सांगितल्यावर गृहस्थ म्हणाले, "म्हणजे शिळं पाणी! छे, छे!" थोडक्यात, पाणी बदललं तर नासाडी आणि नाही बदललं तर घाण.

पाण्याच्या मुद्द्याची मला थट्टा करायची नाही, कारण त्यात खरा एक काटा आहे. उरण भागातल्या कितीतरी गावांना उन्हाळ्यात नळ कधी येईल याची वाट पाहत बसावं लागतं. डोक्यावर हंडा घेतलेल्या बाईने कुंपणापलीकडे निळंशार पाणी पाहावं, हे मलाही सोसणार नाही. तेव्हा आधी त्या गावांच्या नळांची व्यवस्था, आणि पाणीकपात लागली की पहिलं कुलूप तलावाला, अशी अट ठरावातच घालावी. मी दोन्ही हातांनी सही करतो. गंमत एवढीच, की हा मुद्दा सभेत एकानेही काढला नाही. हंडा त्यांच्या डोक्यावर नव्हता ना!

दुसरा मुद्दा डासांचा. क्लोरीनच्या हलत्या पाण्यात डास संसार थाटत नाहीत, हे मी तीनदा सांगितलं. डेंग्यूचा डास मोठा संसारी प्राणी. त्याला फ्रीजमागची ताटली आवडते, कुंडीखालची बशी आवडते, आणि सर्वांत आवडतो तो रस्त्याकडेला टाकलेल्या ट्रकच्या टायरमधला पाऊस. असले टायर न्हावा शेव्याच्या रस्त्यांवर जितके आहेत तितके बहुधा मॅरेथॉनच्या मैदानात पर्शियन सैनिकसुद्धा पडले नसतील. त्यांच्याविरुद्ध आजवर एकही सभा भरलेली नाही.

मग कुणीतरी आवाज खाली आणून म्हणालं, "आणि एखादं पोर बुडालं तर?" सभा गंभीर झाली. प्रश्न गंभीरच आहे, म्हणून तो नीट विचारायला हवा. जगात दरवर्षी सुमारे तीन लाख माणसं बुडून मरतात. आपल्या देशात वर्षाला तीस हजारांहून जास्त. ही माणसं बुडतात ती मुख्यतः नदीत, विहिरीत, शेततळ्यात, खाणीच्या डबक्यात, जिथे ना कुणी शिट्टी घेऊन बसलेलं असतं ना खोलीची पाटी असते. पोहायला शिकवणं हा बुडण्यावरचा उपाय आहे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमच्या सभेला ते पटलं नाही. पूर्वी खेड्यात पोराच्या पाठीला रिकामा डबा बांधून मामा त्याला विहिरीत ढकलून द्यायचा. आठ दिवसांत पोर बेडकासारखं पोहायचं. आता विहिरी बुजल्या, मामा फ्लॅटमध्ये गेला, आणि पाण्याला भिणारी एक अख्खी पिढी पाण्याच्या काठावर बसून मोबाईलवर पोहण्याच्या स्पर्धा बघते आहे. धरमतर ते गेटवे हे छत्तीस किलोमीटरचं सागरी अंतर पोहून जाणाऱ्या मुलामुलींचे फोटो पेपरात येतात. हाकेच्या अंतरावरची ती खाडी पोहायला पोरं येतात ती बहुतेक मुंबई-पुण्याकडून. का? तिकडे तलाव आहेत. शिवाजी पार्कला आहे, पुण्याला टिळक तलाव आहे. खाडी आपली, आणि पोहणार दादरकर!

संस्कृतीचा मुद्दाही आला. तो येणारच होता. आपल्याकडे कुठल्याही सभेला चहा आणि संस्कृती या दोन गोष्टी उशिरा का होईना, पण येतात. पोहण्याच्या वेषात कोण कोणाला दिसेल याची काळजी वाहणाऱ्या एका काकांनी भिंत किती उंच हवी याची मापं सोबतच आणली होती. त्यावर मी काही बोलणार नाही. बायकांची वेळ वेगळी ठेवली आहे, आणि काकांच्या गच्चीवरून बाग दिसते, एवढंच नमूद करतो.

इतका वेळ सगळे पाण्यात काठी घालून खोली बघत होते. खरा मुद्दा शेवटी एका सभ्य, इस्त्रीच्या आवाजात आला : "बाग सार्वजनिक आहे. म्हणजे तलावात *बाहेरची* पोरंही येणार."

हा "बाहेरची" शब्द मला जरा हातात घेऊन बघायचा आहे. न्हावा आणि शेवा ही दोन गावांची नावं. आपण सगळे कुठून आलो? कोणी सातारा, कोणी नागपूर, कोणी डोंबिवली, मी स्वतः गिरगाव. ज्या जमिनीवर आपली वसाहत उभी आहे ती भाताची खाचरं आणि मिठागरं होती, आणि ती ज्यांची होती त्यांची नातवंडं म्हणे "बाहेरची"! नव्या मुंबईसाठी १९७०पासून या जमिनी घेतल्या गेल्या. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लोक रस्त्यावर उतरले, आणि १९८४च्या १६ व १७ जानेवारीला जासईच्या परिसरात झालेल्या गोळीबारात पाच जण गेले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळण्याची योजना त्या रक्तातून आली. शेवा कोळीवाडा बंदरासाठी उठला, उरणजवळ हनुमान कोळीवाडा म्हणून बसवला गेला, आणि तिथल्या घरांना वाळवी लागली. पुनर्वसनाचं भांडण पुढे दशकानुदशकं चाललं. ही माणसं बाहेरची. आणि आपण, परवा टेंपोतून कपाट उतरवलेले, आतले.

आमच्या दारावर मासळी घेऊन येणाऱ्या मावशींना मी विचारलं, तुमच्या पोरांना तलाव हवा का? त्या हसल्याच. "आमची पोरं पान्यानच वाढलेली. पन आता खारीन जावाला वाट हाय कुठं?" पाटी उचलताना म्हणाल्या, "तिकीट लावतील ना? मंग आमचे नातवाला घेतील काय आत?"

हा प्रश्न या जिल्ह्याला नवा नाही. आपला रायगड तेव्हा कुलाबा जिल्हा होता. महाडचं चवदार तळं नगरपालिकेच्या ताब्यातलं, म्हणजे सार्वजनिक. मुंबई कायदेमंडळात १९२३ साली बोले यांचा ठराव झाला, १९२४ साली महाड नगरपालिकेने तळं सर्वांना खुलं केल्याचं कागदावर लिहिलं. कागद तहानेला पुरला नाही. २० मार्च १९२७ला डॉ. आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले, तेव्हा गावाने आधी लाठ्या काढल्या आणि मग पंचगव्याच्या घागरी ओतून तळं "शुद्ध" केलं. त्याहून मजेदार भाग पुढचा आहे. नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, आणि विरोधक कोर्टात जाऊन म्हणाले की तळं मुळी सार्वजनिक नाहीच, खासगी आहे! पिढ्यान् पिढ्या गावच्या गुरांनी पाणी प्यालेलं तळं, माणूस प्यायला येताच रातोरात खासगी झालं. हायकोर्टाने १९३७ साली त्या दाव्याला शेवटची मूठमाती दिली. दहा वर्षं लागली.

हे आपलंच वैशिष्ट्य आहे असंही नाही. अमेरिकेत मिसिसिपीतल्या जॅक्सन शहराचे पाच सार्वजनिक तलाव होते. काळ्या मुलांनाही त्यांत उतरू द्यायची वेळ आली, तेव्हा शहराने चार बंद करून टाकले आणि पाचव्याचा भाडेपट्टा सोडून दिला. गोरी पोरंही कोरडी राहिली, पण चालेल! तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७१ साली पाच विरुद्ध चार मतांनी हेही कायद्यात बसवलं.

आमची सभा इतकी टोकाला जाणारी नाही. आम्ही मध्यमवर्गीय, आम्ही तोडगा काढतो. पहिला तोडगा : तलाव होऊ द्या, पण ओळखपत्रावर आणि "वसाहतीपुरता". बाग सार्वजनिक, पाणी सार्वजनिक, खर्च सार्वजनिक पैशाचा, फक्त तलाव तेवढा घरचा. महाडच्या वकिलांना हा युक्तिवाद ऐकून आपलेपणा वाटला असता. मी विरोध केला, तेव्हा दुसरा तोडगा निघाला आणि तो मात्र एकमताने डोलला : तलावाऐवजी रंगीत दिव्यांचं कारंजं! पाणी दिसेल, फोटो निघतील, कुणी उतरणार नाही. डास, बुडणं, संस्कृती, पाण्याची नासाडी, सगळ्या शंका एका क्षणात आटल्या. कारंज्याला किती लिटर लागेल हे कुणी विचारलंच नाही.

पुढची सभा रविवारी आहे. मी नकाशा काढून ठेवला आहे. त्यात तलावाचं फाटक वसाहतीच्या बाजूला नाही, गावाकडच्या रस्त्याला आहे. ट्रेलरवाल्यांनी तेवढी जागा सोडली तर.