समुद्रातली शेती आणि बाईची मजुरी



रेल्वे आणि टपाल कामगारांच्या पानावर माशांची गोष्ट कशाला, असे काही साथी विचारतील. मुंबईच्या लोकलमध्ये लगेजच्या डब्यात टोपली घेऊन चढणारी कोळीण आपण सर्वांनी पाहिली आहे. टोपलीतून पाणी गळते म्हणून कुरकुर करणारेही आपणच. पण ती बाई आपल्या मालाची मालकीण असते. भाव ती सांगते, उधारी ती लिहिते, पैसे तिच्या कनवटीला असतात. मासा समुद्रातून धरून आणण्याऐवजी कारखान्यातल्या मालासारखा तयार होऊ लागला की बाईच्या हातात काय उरते, हा माझा आजचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर नॉर्वे आणि चिली या दोन देशांत मिळते. आणि ते उत्तर आपल्या फलाटापर्यंत येऊन पोहोचले आहे.

सॅमन हा थंड पाण्याचा मासा. आपल्याकडे हॉटेलवाले रावसाला ‘इंडियन सॅमन’ म्हणतात, पण रावस वेगळा आणि हा वेगळा. सॅमन नदीच्या गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा नदीत येतो. त्याची शेती करणारे हाच प्रवास माणसाच्या हाताने घडवतात. पिल्ले गोड्या पाण्याच्या टाक्यांत वाढवायची, मग समुद्रात तरंगत्या जाळीच्या पिंजऱ्यांत सोडायची, वर्ष-दोन वर्षे खाद्य घालायचे आणि चार-पाच किलोचा झाला की कापायला न्यायचा.

नॉर्वेत हित्रा नावाच्या बेटावर ग्रॉन्टवेट या दोघा भावांनी १९७० साली अशा पिंजऱ्यात पिल्ले सोडली, आणि त्या धंद्याला तिथून जोर आला. सुरुवातीला ही किनाऱ्यावरच्या छोट्या शेतकऱ्या-कोळ्यांची जोडधंद्याची शेती होती. १९७३ साली सरकारने परवाना पद्धत आणली. धंदा किनाऱ्यावरच्या स्थानिक माणसांच्या हाती राहावा, एकाच मालकाकडे अनेक परवाने जमू नयेत, असे धोरण होते. धोरण चांगले होते. पण घरात काय चालले होते ते पाहा. परवाना बहुधा नवऱ्याच्या नावावर. पिंजऱ्यापर्यंत होडी नेऊन हाताने खाद्य टाकणे, हिशेब लिहिणे, कापणीच्या दिवशी मासा साफ करणे, यात बायको आणि मुले राबत. त्या कामाला पगार नाही आणि कागदावर नावही नाही. आपल्याकडे सातबाऱ्यावर नाव नसलेली शेतकरीण असते, तशीच ती.

१९८० च्या सुमारास नॉर्वेत या माशाचे उत्पादन जेमतेम चार हजार टन होते. १९९० पर्यंत ते दीड लाख टनांच्या जवळ गेले आणि भाव कोसळले. उत्पादकांचा स्वतःचा विक्री संघ न विकलेला मासा गोठवून साठवत राहिला आणि नोव्हेंबर १९९१ मध्ये दिवाळ्यात निघाला. त्याच वर्षी मालकीच्या अटी सैल झाल्या. १९९१ हे साल आपल्यालाही चांगले आठवते. आपल्याकडे नवे आर्थिक धोरण आले तेही त्याच वर्षी. तिकडे त्यानंतर छोटे मालक एकामागून एक विकले गेले आणि शेअर बाजारातल्या मोठ्या कंपन्या उभ्या राहिल्या. आज नॉर्वेचे उत्पादन वर्षाला पंधरा लाख टनांच्या घरात आहे.

या वाढीत बाईची जागा कुठे? घरची शेती कंपनीची झाली तेव्हा पिंजऱ्यावरच्या कामाला पगार मिळू लागला आणि पगार मिळताच ते काम पुरुषाचे झाले. होडी, क्रेन, जाळी, दोरखंड हे बाईला झेपणार नाही असे ठरले. हेच काम ती काल फुकट करत होती तेव्हा कोणाला ते अवघड वाटले नव्हते! बाई गेली मासा कापण्याच्या कारखान्यात, ओल्या थंड शेडमध्ये, सरकत्या पट्ट्यासमोर. पुढे यंत्रे आली, तिथली कामे कमी झाली, आणि उरलेल्या कामावर पोलंड, लिथुआनियाकडून कमी मजुरीत येणारे मजूर लागले.

पण नॉर्वेतल्या कामगारांची संघटना मजबूत होती. बाहेरून आलेल्या मजुराला कमी मजुरी दिली की सर्वांचीच मजुरी घसरते, हे तिने ओळखले. १ फेब्रुवारी २०१५ पासून मासे-प्रक्रिया उद्योगातल्या सामूहिक कराराची किमान मजुरी सर्वांना लागू झाली. तो मजूर सभासद असो नसो, कुठल्याही देशाचा असो. २०२३ साली या कंपन्यांच्या नफ्यावर समुद्र वापरल्याबद्दल २५ टक्के जादा कर लागला. कंपन्यांनी आरडाओरडा केला, पण समुद्र कोणाच्या बापाचा नाही हे तिथल्या संसदेने मान्य केले.

आता चिली बघा. हा मासा मुळात त्या गोलार्धातला नाहीच. १९७० च्या दशकात जपानच्या मदतीने प्रयोग झाले, १९८० च्या दशकात भांडवल आले. त्याआधी काय घडले होते? ११ सप्टेंबर १९७३ रोजी लष्कराने आयेंदे यांचे निवडून आलेले सरकार उलथवले. १९७९ मध्ये पिनोशे राजवटीने नवा कामगार कायदा आणला. वाटाघाटी फक्त एकेका कंपनीपुरत्या, संपूर्ण उद्योगाशी बोलणी बंद. संपकऱ्याच्या जागी दुसरा माणूस ठेवण्याची मालकाला मोकळीक. म्हणजे सॅमनचा पहिला मोठा कारखाना उभा राहण्यापूर्वीच कामगाराचे हात बांधून ठेवले होते.

दक्षिणेकडे प्युर्तो मॉन्त शहर आणि चिलोए बेट या भागात हे कारखाने आले. चिलोएच्या बायका बटाटा पिकवीत, ओहोटीला किनाऱ्यावर शिंपले आणि समुद्री शेवाळ वेचीत. त्यांच्या मुली कारखान्यात गेल्या. मासा कापणे, साफ करणे, चिमट्याने मांसातला एकेक बारीक काटा उपसणे, हे काम मुख्यतः बायकांचे. पायाखाली पाणी, अंगाला थंडी, दिवसभर मनगटाची तीच हालचाल. मूळ पगार थोडा, बाकी उत्पादनावर बोनस. त्यामुळे लघवीला जायचे तरी बाई दहादा विचार करते. मनगट आणि खांदे धरले की तिची गती कमी होते आणि गती कमी झाली की बोनस जातो.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. या मुलींच्या हातात प्रथमच स्वतःचा पगार आला. नवऱ्यापुढे हात पसरायचा नाही, मुलांच्या शाळेचा खर्च आपण करायचा, हे त्यांना मिळाले. म्हणून ‘हे कारखाने वाईट, बंद करा’ एवढे बोलून मोकळे होणे मला पटत नाही. मजुरी देणारे काम बाईला हवेच आहे. तिला नको आहे तो त्या कामातला जुलूम आणि बेभरवसा.

बेभरवसा कसा असतो ते २००७ साली दिसले. पिंजरे एकमेकांना खेटून, त्यात मासे दाटीने भरलेले. अशात सॅमनच्या रक्ताचा एक विषाणूजन्य रोग शिरला. २००६ मध्ये चिलीत अटलांटिक सॅमनचे उत्पादन पावणेचार लाख टनांच्या आसपास होते, ते २०१० पर्यंत सव्वा लाखाच्या आसपास उतरले. हजारो कामगार घरी बसले. बँकांनी कंपन्यांची कर्जे नव्याने बांधून दिली. काटे उपसणाऱ्या बाईचे कर्ज कोणी नव्याने बांधून दिले नाही. २०१६ च्या सुरुवातीला समुद्रात विषारी शेवाळ माजून सुमारे ४० हजार टन सॅमन मेला. त्यातला काही खोल समुद्रात नेऊन टाकला. पुढे शिंपल्यांतही विष आढळून मासेमारी बंद झाली, तेव्हा मे महिन्यात चिलोएच्या लोकांनी रस्ते अडवून बेट बंद पाडले. कारखाना अडचणीत आला की मागे किनारा तरी होता, तोही गेला.

तिथेही लढ्याने काही मिळाले आहे. २००७ पासून कंत्राटी कामगाराच्या देण्यांबद्दल मुख्य कंपनीवरही जबाबदारी टाकणारा कायदा लागू झाला. २०१६ च्या सुधारणेने संपकऱ्याच्या जागी दुसरा माणूस ठेवणे बेकायदा ठरले आणि १ एप्रिल २०१७ पासून ते अमलात आले. पिनोशेची ती गाठ सोडवायला कामगारांना जवळजवळ चाळीस वर्षे लागली. ज्यांना वाटते की कायदा आज बिघडला तरी उद्या दुरुस्त करून घेऊ, त्यांनी हा हिशेब लक्षात ठेवावा.

आपला किनाराही यातून सुटलेला नाही. आपल्याकडे सॅमनच्या जागी कोळंबी आहे. ११ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने किनारा नियमन क्षेत्रातली कोळंबीची तळी काढून टाकण्याचा आदेश दिला, आणि त्यात तिथल्या कामगारांना सहा वर्षांची मजुरी जादा भरपाई म्हणून देण्यास सांगितले. निकाल मोठा होता, पण पुढे २००५ साली केंद्राने नवा कायदा करून या धंद्याला रीतसर वाट करून दिली. आजही कोळंबी सोलणारे हात बहुतांशी बायकांचेच आहेत आणि त्यांतल्या बहुतेक कंत्राटदाराच्या आहेत.

आणि आपल्या फलाटावर? गाडी साफ करणारी, फलाट झाडणारी, विश्रामगृहात चादरी बदलणारी बाई आपण रोज पाहतो. काम कायमचे आहे, गाडी रोज येते, फलाट रोज घाण होतो. पण बाई कंत्राटी. ठेका बदलला की तीच बाई, तोच झाडू, तोच फलाट, आणि कागदावर ती आजपासून ‘नवी’. आधीची सेवा गेली, ग्रॅच्युइटी गेली, भविष्यनिर्वाह निधीचा जुना हिशेब कुठे आहे तो ठेकेदाराला ठाऊक. टपाल खात्यात ग्रामीण डाक सेवक म्हणून शाखा सांभाळणाऱ्या भगिनींना खात्याचे काम करूनही नियमित कर्मचाऱ्याचा दर्जा नाही. त्यात २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. कंत्राटी कामगारांच्या तरतुदी पूर्वी वीस कामगारांपासून लागू होत, आता पन्नासपासून. म्हणजे एकूणपन्नास बाया ठेवणारा ठेकेदार मोकळा.

आता कटू बोलतो. या बायांना आपण संघटनेबाहेर ठेवले आहे. ‘त्या ठेकेदाराच्या आहेत, आपल्या नाहीत’ असे मी स्वतः शाखा सभेत बोललो आहे आणि आज मला त्याची लाज वाटते. आपल्या सभा संध्याकाळी सात वाजता. त्या वेळी कुठल्या बाईला घर सोडून येता येते? सातारची सुरेखा यादव १९८० च्या दशकाअखेरीस इंजिनावर चढली तेव्हा ‘बाई गाडी चालवणार?’ म्हणून हसणारे आपल्यातच होते. छत्तीस वर्षांची नोकरी करून ती २०२५ मध्ये सन्मानाने निवृत्त झाली. हसणाऱ्यांची नावे आज कोणाला आठवत नाहीत.

नॉर्वेच्या संघटनेने बाहेरच्या मजुराची मजुरी आपली मानली म्हणून तिची स्वतःची मजुरी टिकली. आपण फलाटावरच्या बाईची मजुरी आपली मानली नाही, तर उद्या त्याच दराने आपल्या जागा भरल्या जातील. म्हणून प्रत्येक शाखेने तीन गोष्टी कराव्यात. आपल्या स्थानकावर, डेपोत, टपाल कार्यालयात किती कंत्राटी भगिनी आहेत, किती वर्षे आहेत, याची नावनिशीवार यादी करावी. ठेका बदलताना जुनी सेवा धरून त्याच बायांना कामावर ठेवण्याची अट करारात घालावी, हा विषय प्रशासनाबरोबरच्या बैठकीत मांडावा. आणि महिन्यातून एक सभा दुपारी, कामाच्या जागेजवळ, त्या येऊ शकतील अशा वेळी घ्यावी.

यादीचे काम खर्चाचे नाही. एक वही आणि दोन संध्याकाळ पुरतात. माझ्या शाखेत आम्ही सुरुवात केली आहे. तुमची वही कधी उघडणार?

कामगार एकजुटीचा विजय असो!