चमकत्या रंगांना पहिले गिऱ्हाईक कोण?

जर्मनीत डॅन्यूब नदीचे पाणी एके ठिकाणी जमिनीत लुप्त होते. ते कोठे जाते, हा जुना वाद होता. १८७७ साली तेथे दहा किलो फ्लुओरेसिन सोडण्यात आले आणि सुमारे अडीच दिवसांनी दूरच्या आख झऱ्याचे पाणी हिरवे चमकू लागले. हा रंग १८७१ मध्ये अडोल्फ फॉन बायर यांनी तयार केला होता. आपणांस बायर आठवतात ते कृत्रिम निळीमुळे. १८९७ मध्ये ती बाजारात आली आणि बिहार-बंगालच्या निळीचे दिवस भरले.

फ्लुओरेसिन अल्कधर्मी पाण्यात तेजाने चमकते, आम्लात मंदावते. परिस्थितीनुसार उजेड बदलण्याच्या या गुणावर आज रसायनशास्त्राची एक शाखाच उभी आहे. दाब, उष्णता, धातूंचे कण यांची चाहूल देणारे रंग प्रयोगशाळांत सिद्ध झाले आहेत. चमकत्या रंगांत मजकूरही साठविता येतो. हार्वर्डमधील संशोधकांनी २०२१ मध्ये बाजारात मिळणाऱ्या सात रंगांच्या मिश्रणांतून सुमारे चार लाख बिट माहिती नोंदविली व ९९ टक्क्यांहून अधिक परत वाचली. लिहिण्याचा वेग सेकंदाला १२८ बिट, म्हणजे अवघी सोळा अक्षरे. टंकलेखकाला हेवा वाटावा, संगणकाला हसू यावे! परंतु रंग बाजारातलेच होते; नवे मोल आले ते उपयोगातून.

आपल्याकडे विद्येची वाण नाही. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान विभागात आणि पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. के. वेंकटरामन यांनी रंगरसायनाची भक्कम परंपरा घातली. तथापि आपला रंगधंदा कापडासाठी टनांनी माल विकण्यावर पोसला आहे. ग्रॅमांनी खपणाऱ्या रंगात कारखानदाराला बाजार दिसत नाही.

गरज मात्र आहे. यवतमाळ, चंद्रपूरकडील अनेक विंधनविहिरींच्या पाण्यात फ्लोराइड आढळते. लिटरला एक मिलिग्रॅम ही स्वीकार्य मर्यादा. पर्यायी स्रोत नसल्यास दीडपर्यंत सवलत. फ्लोराइडला ओळखणारे चमकते रंग शोधले गेले आहेत. पण त्यांतील पुष्कळ सेंद्रिय द्रावकांत उत्तम चालतात आणि साध्या पाण्यात गडबडतात. शोधनिबंधाला तेवढे पुरते, हातपंपाला पुरत नाही. ही उरलेली वाट चालण्याचा खर्च कोणी करावयाचा? ज्या शेतमजुराच्या मुलांचे दात पिवळे पडतात, त्याची गरज अर्थशास्त्राच्या भाषेत ‘प्रभावी मागणी’ ठरत नाही, कारण तिच्यामागे पैसा नाही.

म्हणून पहिले गिऱ्हाईक सरकारनेच झाले पाहिजे. संशोधनाला आणखी अनुदान द्या, असे मी म्हणत नाही. खरेदीची हमी आधी जाहीर करावी: विहिरीच्या पाण्यात, दीड मिलिग्रॅमच्या आतबाहेरचा फरक स्वस्त दिव्याखाली स्पष्ट दाखविणारी पट्टी जो देईल, त्याच्याकडून ठरल्या भावाने इतक्या पट्ट्या घेऊ. सरकारी खरेदी म्हणजे सर्वांत स्वस्त निविदा आणि निकृष्ट माल, हा आक्षेप खरा आहे. त्यासाठीच पैसा चाचणीनंतर द्यावा, आणि चाचणी नागपूरच्या ‘नीरी’ने प्रत्यक्ष गावच्या पाण्यावर करावी. वापरणाऱ्यांचीही उणीव भासू नये. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना पाणी तपासण्यास शिकविण्याची तरतूद आहेच.