फितुराला घर असते?

११ सप्टेंबर २००४. जपानमधील कॅम्प झामा या अमेरिकी लष्करी तळावर चौसष्ट वर्षांचा एक कृश म्हातारा गाडीतून उतरला, अधिकाऱ्यासमोर ताठ उभा राहिला आणि त्याने कडक सॅल्यूट ठोकला. सार्जंट चार्ल्स जेन्किन्स हजर झाला होता. उशीर झाला होता तो एकोणचाळीस वर्षे आठ महिन्यांचा!

ती बातमी वाचली तेव्हा माझे पहिले मत सरळ होते: अशाला दयामाया नको. मराठी घरात वाढलेल्याला ‘फितूर’ हा शब्द शिवीसारखाच लागतो. सूर्याजी पिसाळ म्हटले की पुढे काही सांगावेच लागत नाही. पण जेन्किन्सची हकीकत वाचत गेलो आणि ते मत तसेच्या तसे ठेवणे मला जमले नाही.

जेन्किन्स नॉर्थ कॅरोलायनामधल्या एका लहान गावातला. कोरियाच्या सीमेवर त्याला गस्त घालावी लागे. गस्तीत मरण्याची भीती, आणि उद्या व्हिएतनामला धाडतील ही दुसरी भीती. ५ जानेवारी १९६५ च्या रात्री दहा बिअर पोटात घालून, ‘पुढचा रस्ता पाहून येतो’ असे हाताखालच्या जवानांना सांगून तो निघाला, तो थेट उत्तर कोरियात. हिशेब असा की, ते आपल्याला रशियनांच्या हवाली करतील, रशियन अमेरिकेच्या, आणि आपण घरी! एका सार्जंटने इतका बालिश हिशेब करावा याचे नवल वाटते. पण भ्यालेला माणूस असेच हिशेब करतो.

तिथे आधी आलेले तीन अमेरिकी सैनिक होतेच. चौघांना एका घरात कोंबले. किम इल सुंग यांची शिकवण रोज तासन् तास पाठ करायची. १९६६ मध्ये चौघांनी रशियन वकिलातीत आश्रय मागितला. तिने त्यांना बाहेरचा रस्ता दाखवला. पुढे इंग्रजी शिकवणे आणि चित्रपटांत दुष्ट अमेरिकनाच्या भूमिका करणे हे काम. आपल्याच देशाचा खलनायक होण्याची नोकरी!

१९८० मध्ये त्याचे लग्न झाले हितोमी सोगा हिच्याशी. ही जपानच्या सादो बेटावरची मुलगी. १९७८ मध्ये आईबरोबर बाजारातून घरी परतत असताना उत्तर कोरियाच्या हेरांनी तिला पळवले, तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. आईचा पत्ता पुन्हा लागला नाही. एक स्वत:च्या पायांनी आलेला, दुसरी ओढून आणलेली. रोज रात्री तो तिला जपानीत ‘ओयासुमी’ म्हणे, ती त्याला इंग्रजीत ‘गुड नाइट’. आपण कोण हे विसरू नये म्हणून! २००२ मध्ये हितोमी जपानला परतली. मागोमाग २००४ मध्ये दोन मुलींसह तो जपानला आला आणि लष्करापुढे उभा राहिला. त्याने गुन्हा कबूल केला. शिक्षा झाली तीस दिवसांची कैद आणि अप्रतिष्ठेने बडतर्फी.

तीस दिवस पुरेसे होते काय? त्या रात्री काळोखात त्याची वाट पाहत राहिलेल्या जवानांना विचारले तर ते ‘नाही’ म्हणतील, आणि त्यांचे चुकणार नाही. गस्तीचा नायकच पळाला तर सैन्य कशावर उभे राहायचे? म्हणून खटला हवाच, शिक्षाही हवी. पण परतीचा दरवाजा बंद करणे ही शिक्षा नव्हे, ती शत्रूला केलेली मदत आहे.

याचा पडताळा कोरियातच मिळाला होता. युद्ध थांबल्यावर मायदेशी जायला नकार देणाऱ्या युद्धकैद्यांची राखण १९५३ मध्ये भारतीय फौजेकडे आली. तिचे प्रमुख होते आपले कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात. या कैद्यांत तेवीस अमेरिकी होते. दोघांचे मन मुदतीआधीच पालटले. ते परतले आणि कैदेत शत्रूला साथ दिल्याबद्दल त्यांना वर्षानुवर्षांची शिक्षा झाली. उरलेले एकवीस चीनला गेले. त्यांतले तिघे १९५५ मध्ये परतले, तर लष्कराला त्यांच्यावर खटलाही चालवता येईना, कारण त्यांना आधीच बडतर्फ केले होते! लवकर पस्तावला तो तुरुंगात, उशिरा पस्तावला तो मोकळा. परतावे की नाही या विचारात असलेल्याने यातून काय शिकावे?

आपल्या इतिहासात सूर्याजी आहे, तसे नेताजी पालकरही आहेत. आधी विजापूरकरांकडे आणि मग मोगलांकडे गेलेल्या, धर्मही बदलावा लागलेल्या नेताजींना शिवाजी महाराजांनी १६७६ मध्ये परत घेतले. महाराजांना फितुरी कळत नव्हती, असे कोण म्हणेल?

जेन्किन्स २००५ मध्ये गावी जाऊन एक्क्याण्णव वर्षांच्या आईला भेटला. मग सादो बेटावर पर्यटकांना बिस्किटे विकत राहिला आणि डिसेंबर २०१७ मध्ये तिथेच वारला. चौघांपैकी तो एकटाच परतला. बाकीचे तिघे उत्तर कोरियातच मेले. त्याला मी वीर म्हणणार नाही. पण चुकलेल्याला चुकलो म्हणायला तरी घरी येता आले पाहिजे, एवढे मला आता वाटते.