गिअरबॉक्सच्या बिडास गेलेला तडा

जुन्या ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सच्या कवचास, म्हणजे कारागीर ज्यास हाऊसिंग म्हणतात त्यास, तडा गेला कीं मालकास दोन सल्ले ताबडतोब मिळतात. रस्त्याकडेचा वेल्डर म्हणतो, 'तासाभरांत जोडून देतों.' विक्रेता म्हणतो, 'याचें कांहीं होत नाहीं, हाऊसिंग नवेंच टाका.' आमच्या मतें हे दोन्ही सल्ले बहुधा तडा नीट न पाहतां दिलेले असतात. दुसऱ्यानें पैसा जातो. पहिल्यानें प्रसंगीं जिवावर बेततें.

याचें कारण ट्रॅक्टरच्या घडणींत आहे. मालवाहू लॉरीस खालीं पोलादी चौकट असते व गिअरबॉक्स तिच्या आधारानें बसविलेला असतो. हेन्री फोर्ड यांचा फोर्डसन ट्रॅक्टर १९१७ सालीं निघाला, त्यांत ही चौकटच काढून टाकिली होती. इंजिन, गिअरबॉक्स व मागील आंस यांचीं बिडाचीं कवचें एकमेकांस बोल्टांनीं जोडून त्यांचाच कणा केला होता. पुढें शेतीचे बहुतेक ट्रॅक्टर याच धर्तीवर झाले. तेव्हां लॉरीच्या गिअरबॉक्सला तडा गेल्यास बहुधा तेल गळतें. ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सला गेल्यास कणाच चिरतो. भरलेली उसाची ट्रॉली चढावर ओढतांना असा ट्रॅक्टर मधोमध दुभंगला, तर वर बसलेल्या मुलाचें काय होईल याचा विचार वाचकांनींच करावा.

बीड म्हणजे साधें लोखंड नव्हे. त्यांत सुमारें अडीच ते चार टक्के कार्बन असतो, आणि त्याचा पुष्कळसा भाग ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपानें विखुरलेला असतो. म्हणून बीड दाब उत्तम सोसतें, परंतु ताण पडतांच तडकतें. पोलादासारखें लवणें त्यास ठाऊक नाहीं. अशा बिडावर साध्या पोलादी रॉडनें, तें न तापवितां, वेल्डिंग केलें म्हणजे सांध्यालगतचा भाग झटकन निवून कांचेसारखा कठीण व ठिसूळ होतो, आणि आकसणारा सांधा त्यास ओढूं लागतो. परिणाम असा कीं, सांधा शाबूत राहतो व त्याच्या शेजारींच नवा तडा जातो. वेल्डर म्हणतो, 'माझें वेल्डिंग कोठें तुटलें?' आणि तें खरेंही असतें!

यास्तव आधीं तडा कोठवर गेला आहे तें पाहावें. तेल काढून जागा स्वच्छ घासावी; रॉकेल मिळाल्यास रॉकेल, नाहीं तर डिझेल लावून तें पुसून टाकावें व वर खडूची भुकटी चोळावी. फटींत मुरलेलें द्रव्य खडूवर रेघ उमटवितें, आणि डोळ्यांस बोटभर दिसणारा तडा पुष्कळदां वीतभर निघतो. दोन्ही टोकांस बारीक छिद्रें पाडल्यास तो सहसा पुढें धांवत नाहीं.

तडा नुसत्या भिंतींत असेल, बेअरिंगच्या घरापासून व जोडबोल्टांपासून दूर असेल, तर दुरुस्ती अवश्य करावी. निकेलच्या रॉडचें वेल्डिंग चालतें. मात्र बिडांत मुरलेलें तेल आधीं जाळून काढावें, एका वेळीं इंचभरच सांधा भरून तो गरम असतांनाच हातोडीनें हलकें ठोकावा, आणि लगत हात ठेववेल इतकें बीड निवल्यावरच पुढील इंच घ्यावा. पितळेनें झाळण्यांत बीड वितळत नाहीं, हा मोठाच फायदा आहे. तिसरी रीत टाके घालण्याची. तड्याच्या वाटेनें एकांत एक अडकणाऱ्या आटेदार खिळ्या बसवितात व आडव्या धातूच्या पट्ट्या ठोकून दोन्ही कडा बांधून टाकतात. यांत उष्णता मुळींच नसल्यानें कवच वांकडें होण्याची भीति नाहीं. काम वेळखाऊ आहे, जाणता कारागीर जवळपास मिळेलच असें नाहीं. तरी आमचा कौल याच रीतीस आहे.

परंतु तडा बेअरिंगच्या घरांतून किंवा इंजिनास जोडणाऱ्या बोल्टांच्या भोकांतून गेला असेल, तर साध्या दुरुस्तीचा मोह सोडावा. तेथें केंसभर फरक पडला तरी गिअरचे दांते एकमेकांस खाऊं लागतात. नवें कवच न मिळाल्यास त्याच नमुन्याच्या भंगारांतील शाबूत कवच शोधावें. एच. एम. टी. सारखे, ज्यांचा ट्रॅक्टर-विभाग बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारनें २०१६ सालीं घेतला, त्यांच्या मालकांस तर दुसरी वाट क्वचितच उरते. येथें आमची कारकुनी संवय बोलते, ती क्षमा असावी: कित्येक ट्रॅक्टरांचा चॅसिस क्रमांक याच बिडावर कोरलेला असतो. सबब कवच बदलण्यापूर्वीं परिवहन कार्यालयास लेखी कळवावें. फेरफार न नोंदतां घेतलेल्या जमिनीचें पुढें काय होतें, हें आपणांस सांगावयास नको.

तडा आपोआप जात नाहीं हेंही खरें. सैल झालेले जोडबोल्ट, पुढें बसविलेला अवजड लोडर, दांता तुटून गिअरांत अडकलेला तुकडा, यांपैकीं कारण शोधल्याशिवाय केलेली दुरुस्ती एक हंगामही टिकेल कीं नाहीं याची शंका आहे. टाके घालण्याचीं हत्यारें व निकेलचे रॉड एकट्यादुकट्यास परवडत नाहींत. संघानें ते ठेवावे, एका होतकरू कारागिरास तें काम शिकण्यास धाडावें, आणि जुन्या ट्रॅक्टरच्या मालकांकडून वर्गणी घ्यावी. हा ठराव येत्या सभेपुढें मांडण्यास आम्ही तयार आहों.