बाजारातला आवाज



रस्त्यावर उभी राहून गाणाऱ्या बाईला फारसं कुठे बरं नाव मिळत नाही. पुरुष गायला तर शाहीर, फकीर, निदान कलावंत तरी. बाई मात्र भिकारीण, नाहीतर त्याहून वाईट काहीतरी. आयर्लंडच्या मार्गारेट बॅरीवर या वेळी संपादकीय लिहावंसं वाटलं ते यामुळेच. तिनं उमेदीची सगळी वर्षं बाजारात, जत्रेत, फुटबॉलच्या सामन्याबाहेर गाऊन पोट भरलं आणि त्याची तिला लाज वाटली नाही.

तिचा जन्म १९१७ सालचा, कॉर्क शहरातला. घराणं भटक्या, रस्त्यावर गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचं. आजोबा बॉब थॉम्पसन नावाजलेले पाइपवादक होते. १८९७ साली डब्लिनला 'फेश कोल' हा संगीत महोत्सव पहिल्यांदा भरला, तेव्हा पाइपवादनाचं बक्षीस त्यांना मिळालं होतं. आई मार्गारेटच्या लहानपणीच गेली. बॅन्जो ती आपली आपणच शिकली. सोळाव्या वर्षाच्या सुमारास घरात बिनसलं आणि ती सायकल घेऊन बाहेर पडली, गावोगावचे बाजार गाठत.

हे कोणत्या आयर्लंडमध्ये चाललं होतं, तेही पाहायला हवं. १९३७ साली तिथे नवी राज्यघटना आली. तिच्या ४१ व्या कलमात लिहिलं आहे की स्त्री घरातल्या आपल्या जीवनानं राष्ट्राला आधार देते, आणि आर्थिक गरजेपोटी आयांना घरातली कर्तव्यं सोडून कामाला जावं लागू नये याची काळजी राज्य घेईल. ऐकायला गोड. प्रत्यक्षात लग्न झालं की सरकारी नोकरी सोडायची, ही सक्ती १९७३ पर्यंत होती. हे कलम काढण्यासाठी २०२४ साली, तेही नेमकं आठ मार्चला, सार्वमत झालं आणि ते फेटाळलं गेलं. बदललेला मजकूर फारच मोघम आहे, असं तिथल्या काही स्त्रियांचंही म्हणणं होतं. ते वेगळं. पण घटनेनं बाईची जागा घरात ठरवून टाकली, त्या काळात मार्गारेटला घरच नव्हतं. तिच्यासारखीचं नाव कोणत्या कलमात बसवायचं, हा प्रश्न घटनाकारांना पडला नसावा.

तिचा आवाज ऐकला तर पहिल्यांदा दचकायला होतं. तो खडा आहे, उंच आहे, जराही लाडिक नाही. गुरांचा बाजार भरलाय, सौदे चाललेत, कुत्री भुंकताहेत, माइक नाही. त्या कलकलाटातून शेवटच्या माणसापर्यंत पोचायचं, नाहीतर संध्याकाळची भाकरी नाही. असा तो आवाज कामानं घडवलेला आहे, सुतारणीच्या, मोळीवालीच्या हातासारखा. पुढे जाणकारांनी त्याचं कौतुक 'रानटी', 'आदिम' वगैरे शब्दांत केलं. बाईच्या कसबाला निसर्ग म्हणून मोकळं व्हायचं, ही खोड जुनीच.

अमेरिकन लोकगीत-संग्राहक अ‍ॅलन लोमॅक्स यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला तिचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. बी.बी.सी.साठी काम करणारे पीटर केनेडी यांनीही केलं. 'शी मूव्ह्ड थ्रू द फेअर' हे तिचं सर्वांत गाजलेलं गाणं. संग्राहकांना वाटे, हे आजीकडून नातीकडे आलेलं असणार. मार्गारेटनं सरळ सांगून टाकलं की आपण ते जॉन मॅकॉर्मॅक या नामांकित गायकाच्या तबकडीवरून उचललं! त्याचे शब्दही पॅड्रिक कोलम या शिकलेल्या कवीचे, १९०९ साली छापलेले. पण आज ते म्हटलं की आठवते मार्गारेट. परंपरा 'शुद्ध' राखायची हौस बहुधा ज्यांना तिच्यावर पोट भरायचं नसतं त्यांनाच असते. मार्गारेटनं जे चांगलं दिसलं ते घेतलं आणि आपलं केलं.

नंतर ती लंडनला गेली. युद्धानंतरची लाखभर आयरिश माणसं तिथे मजुरीला, नर्सच्या कामाला गेली होती. कॅम्डन टाउनच्या 'बेडफर्ड'सारख्या दारूच्या गुत्त्यांत ती स्लायगोकडचे फिडलवादक मायकेल गॉर्मन यांच्या जोडीनं गाऊ लागली. रॉयल अल्बर्ट हॉललाही गायली, अमेरिकेत गेली. न्यूयॉर्कच्या एका कंपनीनं १९५६ साली तिची तबकडी काढली, तिच्या नावातच 'आयरिश टिंकर लेडी' असं होतं. टिंकर म्हणजे डबे-भांडी सांधणारे, आपल्याकडच्या कल्हईवाल्यांसारखे. पण आयर्लंडमध्ये ती शिवीच. शिवी विकायच्या मालावरचं लेबल झाली. तिच्या लोकांकडे सरकार कसं पाहत होतं? १९६३ साली भटक्यांसंबंधीच्या आयोगाचा अहवाल आला. आयोगावर भटक्यांपैकी एकही जण नव्हता, आणि भटकणं हीच समस्या मानून त्यांना स्थिर समाजात मुरवून टाकायचं, हा त्याचा सूर होता. त्यांना स्वतंत्र वांशिक समूह म्हणून आयरिश सरकारनं मान्यता दिली ती मार्च २०१७ मध्ये, मार्गारेटच्या जन्मानंतर शंभर वर्षांनी.

तिच्याशेजारी आणखी एक बाई ठेवून पाहावी. आर्मा परगण्यातल्या कीडी गावची सारा मेकम कापड गिरणीत विणकर होती आणि गायची ती आपल्या स्वयंपाकघरात. गाणीही तिनं चुलीपाशी आईकडून ऐकून उचलली. १९५३ ते ५८ बी.बी.सी.वर 'अ‍ॅज आय रोव्ह्ड आउट' हा कार्यक्रम चालला, त्याची सुरुवात तिच्या आवाजानं व्हायची. मुलगा टॉमी अमेरिकेत गेला, आईची गाणी गाऊन मोठा झाला. चांगला गायकही होता तो. पण तिची स्वतःची तबकडी निघायला १९६८ उजाडलं. अभ्यासक अशा बायांना 'स्रोत' म्हणतात. स्रोताला मानधन नसतं. आपल्याही शिबिरांतून गाणी उतरून घेतली जातात. वहीत गाणं असतं, सांगणारीचं नाव नसतं, हे आपल्या वह्या काढून तपासून पाहायला हरकत नाही.

मार्गारेटनं मात्र नेहमी आपल्या नावानं गायलं आणि रोख पैसे घेतले. १९७० साली गॉर्मन वारले. पुढे ती आयर्लंडला परतली आणि १९८९ साली डाउन परगण्यात वारली. १९९८ साली लोमॅक्स यांच्या जुन्या ध्वनिमुद्रणांची एक सीडी निघाली. तिच्यात गाण्यांच्या मधूनमधून ती बोलते: लहानपणाबद्दल, रस्त्याबद्दल, गाणी कुठून घेतली त्याबद्दल. आपल्या गाण्याबद्दल ती स्वतःच सांगते, दुसरं कुणी नाही.