वाढत्या मापाचं जाकीट नको



दिवाळीचे कपडे घ्यायला विट्याच्या पेठेत गेलं की आमची आई दुकानदाराला एकच वाक्य सांगते, "एक नंबर मोठा द्या, वाढतं अंग आहे." म्हणून माझा ड्रेस पहिल्या दिवाळीला अंगात लोंबतो आणि दुसऱ्या दिवाळीला बरोबर बसतो. चपलासुद्धा पुढं बोटभर जागा ठेवून घ्यायच्या. आईचं काही चुकत नाही. महागाई आहे आणि आम्ही भावंडं भराभर वाढतो. पण एक कपडा असा आहे, की तो वाढत्या मापाचा घेतला तर घात होतो. तो म्हणजे बोटीत बसताना घालायचं लाईफ जाकीट. त्याविषयी माझं मत मी इथं लिहिणार आहे.

तुम्ही म्हणाल, आपला खानापूर तालुका दुष्काळी, इथं बोट कुठली आणि जाकीट कुठलं? मीही असंच म्हणत होते. पण मागच्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पाहुण्यांकडे गेलो होतो. तिथं जवळच एक तलाव आहे आणि तलावात बोटिंग चालतं. आबा, आई, मी आणि माझा धाकटा भाऊ असे सगळे गेलो. भाऊ तेव्हा पहिलीत होता. काठावर जाकिटांचा ढीग पडला होता, बाजारात जुन्या कपड्यांचा असतो तसा. तिथल्या माणसानं ढिगातून एकेक ओढून आमच्याकडे फेकलं. सगळी एकाच मापाची, मोठ्या माणसांची. भावाच्या अंगात ते घातलं तर तो नुसता गुडघ्यापर्यंत झाकला. मान आत गेली, फक्त डोळे दिसत होते. आम्ही सगळे हसलो. मीसुद्धा हसले. आई म्हणाली, "लई ढगळ झालंय." आबा म्हणाले, "असू दे की गं. वाढत्या अंगाचं हाय."

बोट अजून सुटली नव्हती. भाऊ फळीवरून बोटीत पाय टाकायला गेला आणि मधल्या फटीत पडला. पाणी आबांच्या कमरेइतकंच होतं. पण पहिलीतल्या पोराला कमरेइतकं पाणी म्हणजे डोक्यावरून गेलं. तेव्हा मी जे पाहिलं ते अजून डोळ्यांसमोर आहे. जाकीट वर राहिलं आणि भाऊ खाली गेला. जाकिटाच्या गळ्यातून त्याचे दोन हात तेवढे वर आले होते. त्या माणसानं चटकन जाकीट धरून ओढलं, तर त्याच्या हातात नुसतं जाकीट आलं! आबांनी धोतरासकट उडी टाकली आणि दंडाला धरून त्याला वर काढला. फार तर पाच-सहा मोजेपर्यंतचा वेळ गेला असेल. भावानं पाणी ओकलं, रडला, मग गोळी-बिस्कीट मागू लागला. आबा मात्र त्या दिवशी जेवले नाहीत.

माझे चुलते, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, केरळात गलाईच्या धंद्यात आहेत. आपल्याकडच्या पुष्कळ घरांतलं कोणी ना कोणी सोनं-चांदी गाळायला परमुलखात असतंच, तसेच ते. त्यांच्याकडे रोज बोटीतून येणं-जाणं चालतं. फोनवर हकीकत ऐकून तात्या आधी गप्प बसले आणि मग आबांना म्हणाले, "आबा, आपण गुंजभर सोनं काट्यावर घालतो. आणि पोराचं जाकीट अंदाजपंचे घातलं व्हय?" केरळातच तानूरला ७ मे २०२३ रोजी बोट उलटली आणि २२ माणसं गेली. त्यांत लहान मुलं पुष्कळ होती. तेव्हापासून तात्या बोटीत चढायच्या आधी जाकीट तपासून घेतात. त्यांनी मला जे सांगितलं आणि मी गुरुजींना विचारून जे समजून घेतलं ते असं.

माणसाचं अंग पाण्यात बरंचसं तरंगतंच. फक्त नाक-तोंड पाण्याबाहेर राहायला थोडी जादा उचल लागते. मोठ्या माणसाला साधारण तीन ते साडेपाच किलोची उचल पुरते, आणि ती जाकिटातला फोम देतो. म्हणजे जाकीट मोठं असलं की जास्त वाचवतं, असं नाही. उचल अंगाला लागली पाहिजे. ढगळ जाकीट एकटंच वर उचललं जातं आणि माणूस त्यातून खाली सरकतो. आमच्या भावाचं तेच झालं.

मुलांचं जाकीट वयावर घ्यायचं नाही, इयत्तेवर तर मुळीच नाही. ते वजनावर घ्यायचं. जाकिटाच्या आतल्या बाजूला चिठ्ठी शिवलेली असते, तिच्यावर किलो लिहिलेले असतात. एका पद्धतीत १४ किलोच्या आतलं, १४ ते २३ किलोचं, २३ ते ४१ किलोचं आणि त्यावर मोठ्यांचं, अशी मापं आहेत. दुसऱ्या कंपनीचे आकडे थोडे वेगळे असतील, म्हणून चिठ्ठी वाचायचीच. आमच्या सातवीच्या वर्गात गुरुजींच्या उंची-वजनाच्या तक्त्यात २६ किलोचा मुलगा आहे आणि ४४ किलोची मुलगीही आहे. (नावं लिहीत नाही, मारामारी होईल.) एकाच बाकावर बसणाऱ्या या दोघांना दोन वेगळी जाकिटं लागतील. मोठ्या माणसांचं मात्र छातीच्या घेरावर बघायचं. वजन जास्त म्हणून जाकीट मोठं, असा हिशेब तिथं चालत नाही.

घातल्यावर परीक्षा घ्यायची, ती अगदी सोपी आहे. सगळे पट्टे आणि चाप लावायचे. पट्टे खालून वर आवळत यायचे. मग मुलाला दोन्ही हात सरळ वर करायला सांगायचे आणि दुसऱ्यानं खांद्यापाशी धरून जाकीट वर ओढायचं. ते हनुवटीच्या किंवा कानांच्या वर आलं तर ते त्या मुलाचं नव्हे. काढून ठेवायचं आणि दुसरं मागायचं. लहान मुलांच्या जाकिटाला दोन मांड्यांमधून जाणारा एक पट्टा असतो. तो असला पाहिजे आणि लावलाही पाहिजे, त्याच्यामुळं जाकीट वर सरकत नाही. मानेमागं जाड गादी असते, कारण लहान मुलांचं डोकं अंगाच्या मानानं जड असतं. तिथंच धरायला एक बंदही असतो. आमच्या भावाच्या जाकिटाला यांतलं काहीच नव्हतं.

मोठ्यांच्या जाकिटावर ५०, १००, १५० असे आकडे असतात. ते उचल सांगतात. दहाचा आकडा म्हणजे ढोबळ मानानं एक किलोची उचल. पन्नासवालं पोहता येणाऱ्यानं काठाजवळ घालायचं. पोहता येत नसेल तर शंभर किंवा त्याच्या वरचं मागायचं. फोम दाबून दाबून चपटा झालेला, शिवण उसवलेली किंवा चाप तुटलेला असेल, तर आकडा कितीही असो, त्याचा उपयोग नाही. पुष्कळ ठिकाणी जाकिटं बसायला उशाखाली घेतात, म्हणून ती लवकर मरतात.

आई-मावश्यांना एक सांगायचं आहे. पदर जाकिटाच्या वर सोडू नका, आत कमरेला खोचा. आणि तान्ह्या लेकराला आपल्या जाकिटात घेऊन पट्टा लावू नका. माझ्या आत्यानं तसं केलं असतं असं ती स्वतःच म्हणाली, म्हणून लिहिलं.

आता आबांचं ऐका. आबा विहिरीत पोहायला शिकले ते पाठीला पत्र्याचा बंद डबा बांधून. कोणी वाळका भोपळा बांधायचं, कोणी ट्यूब. आबा म्हणतात, "डबा वर, खांद्याजवळ बांधायचा. कमरेला आला की ढुंगण वर आणि तोंड पाण्यात!" म्हणजे ही विद्या आबांना साठ वर्षांपासून ठाऊक होती. जाकीट शहरातलं, रंगीत, कंपनीचं, म्हणून त्याला ती लावायचं त्यांना सुचलं नाही. मला वाटतं, आपल्या पुष्कळ वडीलधाऱ्यांचं असंच होतं. स्वतः बांधलेला डबा ते दहादा ओढून बघतात आणि विकतच्या वस्तूवर डोळे मिटून विश्वास ठेवतात.

काही मुलं म्हणतात, आम्हाला पोहता येतं, आम्हाला कशाला जाकीट? त्यांनी ब्रह्मनाळ आठवावं. आपल्या तालुक्यातून वाहणारी येरळा पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला कृष्णेला मिळते. ८ ऑगस्ट २०१९ रोजी महापुरात तिथं लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली. बोटीत झेपतील त्यापेक्षा जास्त माणसं होती. डझनाहून अधिक जीव गेले, त्यांत बाया होत्या आणि लेकरंही होती. अंगावर जाकिटं नव्हती, असं तेव्हा वर्तमानपत्रांत आलं होतं. कृष्णाकाठची माणसं ती, त्यांना पाणी नवीन नव्हतं. पण पुराचं पाणी गढूळ असतं, त्यात झाडं वाहत येतात, अंगावर कपडे असतात, एकाला दुसरा मिठी मारतो. तिथं विहिरीतलं पोहणं किती पुरणार? मी तेव्हा लहान होते. घरात सगळे टीव्हीपुढं गप्प बसले होते एवढंच आठवतं. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. आता नदीकाठच्या गावांसाठी जाकिटं घेतात ही चांगली गोष्ट आहे. पण माझा प्रश्न असा आहे, की त्यांत लेकरांच्या मापाची किती? पुरातून सगळ्यांत आधी लेकरं आणि म्हातारी माणसंच काढतात ना? मग खरेदी करताना वेगवेगळी मापं घ्यायला हवीत. एकाच मापाचं गाठोडं स्वस्त पडत असेल, पण माझ्या भावासारख्याला ते काय कामाचं?

आणि दुष्काळी तालुका म्हणून आपणही निवांत राहायला नको. टेंभूचं पाणी आल्यापासून आपल्याकडे तलाव भरतात. रानोरान शेततळी झाली आहेत. शेततळ्याच्या प्लास्टिकवरून पाय घसरला की मोठ्या माणसालाही वर चढता येत नाही. तळ्याच्या कडेला गाठी मारलेला दोर बांधून ठेवला आणि तिथं काम करणाऱ्यानं जाकीट घातलं, तर त्याला कोणी भित्रा म्हणू नये. मोटारसायकलच्या हेल्मेटला हसतात तसं यालाही हसतात, ते मला पटत नाही.

आता शाळेबद्दल. बडोद्याच्या हरणी तलावात १८ जानेवारी २०२४ रोजी सहलीला आलेल्या मुलांची बोट उलटली. १२ मुलं आणि २ शिक्षिका बुडून मेल्या. त्या बोटीतही माणसं जास्त होती आणि जाकिटं सगळ्यांना नव्हती. म्हणून माझी आमच्या मुख्याध्यापकांना आणि सगळ्या पालकांना विनंती आहे. सहलीच्या संमतीपत्रावर आपण मुलाचं नाव, इयत्ता आणि सही लिहितो. तिथंच मुलाचं वजनही लिहावं. सहलीत बोट असेल, तर आमच्या वजनांची जाकिटं तिथं आहेत का हे आधीच विचारावं. नसतील तर आम्हाला काठावर भेळ द्यावी, आम्ही बोटी लांबून बघू. यावर आमच्या वर्गात वाद झाला. पाच-सहा जण म्हणाले, हिच्या भावाचं झालं म्हणून आमचं बोटिंग का बुडवायचं? त्यांचंही खरं आहे, सहल वर्षातून एकदाच येते. पण बोटिंग बंद करा असं मी म्हणतच नाही. माप बघा, हात वर करून ओढून बघा, आणि बसत नसेल तर "हे नको, दुसरं द्या" असं म्हणा, एवढंच माझं म्हणणं आहे. चपलेच्या दुकानात आपण चार जोड घालून बघतो, तिथं कुठं लाजतो?

तात्यांनी पाडव्याला येताना भावासाठी एक जाकीट आणलं. भाऊ १८ किलोचा आहे, म्हणून १४ ते २३ किलोवालं. आजी लगेच म्हणाली, "पुढच्या नंबराचं आणायचं न्हाई का? दोन वर्सं गेलं असतं." तात्या काही बोलायच्या आत आबाच ओरडले, "न्हाई! हेच!" मग आबांनी भावाला अंगणात उभं केलं, हात वर करायला लावले आणि जाकिटाला धरून त्याला उचललाच. भाऊ जाकिटासकट वर आला, पाय हलवत. आता कोणी पाहुणे आले की तो ते घालून दाखवतो. पुढच्या-पुढच्या वर्षी ते त्याला आखूड होईल, तेव्हा ते भिलवडीकडच्या आत्याच्या मुलीला द्यायचं ठरलं आहे. तिचं वजन आत्ता १२ किलो आहे.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी